घाटातले पूल कुणी बांधले?



पुण्याची गाडी बोरघाट चढते, आपण खिडकीतून दऱ्या बघतो. चाकाखाली काय आहे ते कोण बघतो? १८५६ ते १८६३, सात वर्षं हा मार्ग बांधत होते. २५ बोगदे, ८ दगडी दरीपूल.

कमान उभी राहते कशी? आधी लाकडी सांगाडा. त्याच्यावर दोन्ही अंगांनी घडीव दगड चुन्यात बसवत आणायचे. मधोमध शेवटचा, चावीचा दगड बसला की सांगाडा काढायचा. मग दगडच दगडाला रेटून धरतो. हे वाचायला सोपं. पण तो दगड सुरुंगानं फोडला कुणी? घडवला कुणी? कड्यावर वाहून नेला कुणी?

१८६१ साली ४२ हजारांवर माणसं इथं राबत होती. पटकीनं, सुरुंगानं, कड्यावरून पडून सुमारे २५ हजार मेली असा अंदाज आहे. अंदाजच! कारण मेलेल्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकली, मजूर उठले. त्याची नोंद मात्र झाली. दंगल म्हणून!

त्याच साली ठेकेदार ट्रेडवेल आला आणि थोड्याच दिवसांत मेला. त्याच्या बायकोनं, ॲलिसनं ठेका पुरा केला. तिचं नाव इतिहासात आहे. असू दे. पण डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईचं नाव कुठाय?

आपल्या वस्तीत म्हातारी माणसं आहेत. रेल्वेवर कोण राबलं, कुठल्या गावाहून आलं, विचारा. आजच लिहून घ्या.