वाघ दिसला नाही, पण ट्रिप वाया गेली नाही

आजचा एपिसोड शेगावहून, आमच्या घराच्या गच्चीवरून. मधूनच रेल्वेचा भोंगा ऐकू येईल, तेवढं सांभाळून घ्या.

तर विषय आहे आमची फॅमिली जंगल ट्रिप. ही ट्रिप ठरली एका वाघामुळे. 2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर, तेलंगणातून फिरत फिरत आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला होता. पाच महिन्यांत सुमारे 1,300 किलोमीटर! पेपरात बातमी वाचल्यापासून बाबांनी धोशा लावला, "तो पायी आला लेका, अन् आपल्याले गाडी असून जाता येत नाही?"

मी पुण्यात आयटीत. सुट्टी, रिलीज, परत सुट्टी कॅन्सल. असं करत करत शेवटी या डिसेंबरमध्ये जमलं. ठिकाण ठरलं मेळघाट. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी हे एक, आणि गुगामल राष्ट्रीय उद्यान हा त्याचा गाभा. शेगावहून जवळ पडतं म्हणून अकोटकडून शहानूरच्या गेटने जायचं ठरलं.

मी, आई, बाबा, ताईचा आठ वर्षांचा पोरगा आणि आजी. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मी म्हटलं, "आजी, रस्ता खराब आहे, तू राहा घरी." तर म्हणते, "बैलगाडीत जलम गेला माहा. तुही जिप्सी काय करते मले?" विषय संपला.

पहाटे निघालो. थंडी अशी की आजीने दोन शाली अंगावर आणि एक डोक्याला गुंडाळलेली. गेटवर गाईड भेटले, कोरकू समाजाचे, पन्नाशीचे असतील. पहिलीच सूचना, मोबाईल बॅगेत ठेवा. माझा अर्धा उत्साह तिथेच गेला, खरं सांगतो.

तीन तास फिरलो. सांबर दिसलं, भेकर दिसलं, गव्यांचा कळप दिसला. सागाच्या खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे दिसले. धुळीत वाघाच्या पंजाचा ठसा दिसला, पहाटेचाच. वाघ? नाही. भाचा रडकुंडीला आला आणि मी मनातल्या मनात खर्चाचा हिशेब मांडत होतो.

एका मोकळ्या गवताळ जागेवर गाडी थांबली. गाईड म्हणाले, "इथं आमचं गाव होतं." आम्ही सगळे गप्प. मेळघाटातून बरीच कोरकू गावं खाली मैदानात हलवली गेली. बोरी, कोहा, कुंड ही सुरुवातीची, नंतर आणखी. गाईडनी हात करून घराची जागा दाखवली, विहीर दाखवली. तक्रार केली नाही, पण "छान झालं" असंही म्हणाले नाहीत. मग खाली उतरले, झाडाखालचा पाचोळा हाताने बाजूला सारला आणि भाच्याला म्हणाले, "हात लाव." खालची माती डिसेंबरात ओली! पाऊस इथं असा मुरतो, हळूहळू ओढ्यात उतरतो, असं त्यांनी सांगितलं. जंगल नसतं तर सगळी माती वाहून धरणात गेली असती.

परत निघालो, तेव्हा मी म्हणून गेलो, "बाबा, पैसे वाया गेले." बाबा काहीच बोलले नाहीत. अकोट आल्यावर म्हणाले, "सरळ घरी नको. गाडी वारीच्या हनुमानाकडं घे."

वारी भैरवगड. तिथे वान नदीवर धरण आहे. वान मेळघाटच्या डोंगरातून खाली येते. आता आमच्याकडचा खारपाणपट्टा ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी: पूर्णा नदीच्या आजूबाजूला अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत असा पट्टा आहे, जिथे बोअर मारला की खारं पाणी लागतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांत किडनीच्या आजाराची माणसं गावोगाव सापडतील.

आमचं मूळ गाव संग्रामपूर तालुक्यातलं. माझे आजोबा किडनीनेच गेले. पाण्यामुळेच गेले असं कोणी लिहून दिलेलं नाही, पण घरात सगळे तेच मानतात. बाबा त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अकोल्याला न्यायचे, पॅसेंजरने. मी तेव्हा लहान होतो. बाबा संध्याकाळी घरी आले की कोणाशी बोलायचे नाहीत, एवढंच आठवतं.

आता जळगाव जामोद आणि संग्रामपूर भागातल्या 140 गावांच्या योजनेला पाणी याच वान धरणातून जातं. आमच्या गावात नळ आला, तेव्हा आजोबा नव्हते.

आजी धरणाच्या काठावर बराच वेळ बसली. मग हळूच म्हणाली, "हे पानी तवा आलं असतं, तर म्हातारा अजून असता." बाबांनी तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत या विषयावर आमच्या घरात बोललेलं हे पहिलं वाक्य. त्यानंतर घरी येईपर्यंत बाबा आजोबांबद्दलच बोलत होते. मला अर्ध्या गोष्टी माहीतच नव्हत्या.

आमच्या फील्डमध्ये ॲपचा स्क्रीन सगळ्यांना दिसतो, सर्व्हर कोणी बघत नाही. मी जंगलात स्क्रीनच शोधत होतो. वाघ दिसला की पैसे वसूल. पण वाघ राहतो म्हणून ते जंगल राखलं गेलं, आणि ते राखलं म्हणून ती माती ओली आहे. त्याची किंमत माझ्या सफारीच्या तिकिटापेक्षा कितीतरी जास्त, आणि ती भरली कोणी? तर त्या गाईडच्या गावाने. घर सोडून. हे आपण नळ सोडताना लक्षात ठेवायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

तर मंडळी, एक काम करा. तुमच्या घरच्या नळाला पाणी कुठल्या धरणातून येतं आणि ती नदी कुठल्या डोंगरातून येते, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. काय उत्तर मिळालं, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवतो.

आणि हो, भाचा विचारतोय, पुन्हा कधी जायचं. आजीची बॅग तयार आहे. भेटूया!