गृहस्थाचे तळे



तळे कसे राखावे, हे लाखांदूरच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. भंडारा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील हा तालुका धानाच्या बांध्यांचा. चुलबंद नदी याच तालुक्यातून वाहत जाऊन वैनगंगेस मिळते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत गोंड राजांच्या अमदानीपासून बांधली गेलेली हजारो तळी आहेत, आणि ती बांधण्याच्या कामी कोहळी समाजाने दाखविलेल्या कौशल्याची ख्याती अद्याप टिकून आहे. १९५१ साली मालगुजारी संपली, तळी मात्र राहिली. म्हणून त्यांस माजी मालगुजारी तलाव आणि थोडक्यात 'मामा तलाव' असे नाव पडले. पाळ खचू द्यावयाची नाही, तुडुमातून पाणी वेळेवर व मोजके सोडावयाचे, सांडवा मोकळा ठेवावयाचा आणि पोटात गाळ साचू द्यावयाचा नाही, एवढे पथ्य पाळले म्हणजे तळे राखले गेले. यांपैकी एका गोष्टीकडे जरी दुर्लक्ष झाले, तरी धान निसवण्याच्या ऐन वेळी बांधीस भेगा पडतात, आणि मग आभाळाकडे पाहण्यापलीकडे हाती काही उरत नाही.

अडीच हजार वर्षांपूर्वी एका गृहस्थाने भगवान बुद्धास संसारासंबंधी प्रश्न विचारला, तेव्हा बुद्धाने उत्तरात तळ्याचाच दृष्टान्त दिला. हा गृहस्थ कोलिय कुळातील असून त्याचे नाव दीघजाणु होते. त्यांचा संवाद पाली भाषेतील अंगुत्तर निकायात आलेला आहे. दीघजाणूने आडपडदा न ठेवता सांगितले की, तो व त्याच्यासारखे लोक बायकामुलांत राहणारे, चंदन व फुले वापरणारे, सोन्यारुप्याचा व्यवहार करणारे आहेत. अशा माणसांस याच जन्मात सुखाने व भल्या मार्गाने जगता येईल, असे काही बुद्धाने सांगावे. बुद्धाने त्यास घर सोडण्यास सांगितले नाही, संपत्तीची निंदा केली नाही, की प्रश्न क्षुद्र आहे असेही म्हटले नाही. त्याने शांतपणे चार गोष्टी सांगितल्या. बुद्धाचा धर्म म्हणजे केवळ संसारत्याग, असे समजणाऱ्यांनी हा एवढा संवाद जरी वाचला, तरी तो गैरसमज दूर होण्यास पुरेसा आहे.

हा उपदेश वैनगंगेच्या खोऱ्यास नवा नाही. लाखांदूरच्या शेजारच्याच तालुक्यात पवनी हे प्राचीन नगर आहे. तेथील जगन्नाथ टेकडीचे उत्खनन १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केले, तेव्हा मोठा स्तूप आणि कोरीव दगडी खांब उजेडात आले. खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे आहेत, आणि एका लेखात नाग नावाच्या 'पंचनिकायिका'चा, म्हणजे बुद्धवचनाचे पाचही निकाय जाणणाऱ्याचा, उल्लेख आहे. अंगुत्तर हा त्या पाचांपैकी चौथा निकाय होय. दीघजाणूचा संवाद ज्या संग्रहात आहे, त्याचे जाणकार सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच या नदीच्या काठी होते, असा याचा अर्थ.

आता त्या चार गोष्टी. पहिलीस पालीत 'उट्ठानसंपदा' म्हणतात. उट्ठान म्हणजे उद्योग. परंतु बुद्धाने केवळ घाम गाळण्यास उद्योग म्हटले नाही. शेती असो, व्यापार असो, गुरे राखणे असो वा सरकारी चाकरी असो, जे काम पत्करले त्यात कुशल असावे, आळस नसावा आणि कामाची युक्ती शोधून काढणारी बुद्धी असावी, असे तो सांगतो. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात धानाचे बी टाकले म्हणजे पोचट दाणे वर तरंगतात व भरीव दाणे तळाशी बसतात. तरंगलेले काढून टाकून, खालचे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवून पेरले, तर पऱ्हे जोमदार येतात. मिठास काही फार पैसे पडत नाहीत. पडते ते लक्ष. हाच नियम परीक्षेच्या अभ्यासास बसलेल्या मुलास लागू आहे. दहा तास पुस्तक उघडे ठेवण्यापेक्षा, काय समजले व काय तरंगत राहिले, याची निवड रोज करणे अधिक मोलाचे.

दुसरी गोष्ट 'आरक्खसंपदा', म्हणजे न्यायाने मिळविलेल्या धनाचे रक्षण. राजा, चोर, अग्नी, पूर आणि नावडते वारस, या पाचांपासून धन जपावे असे बुद्धाने म्हटले आहे. चोराने आता वेष पालटला आहे. तो भिंतीस भोक पाडीत नाही. तो दूरध्वनीवर गोड बोलतो, बँकेचा अधिकारी असल्याची बतावणी करतो आणि मोबाइलवर आलेला गुप्त आकडा विचारून घेतो. धानाचे चुकारे खात्यात जमा झाले की एका क्षणात ते नाहीसे व्हावयास तेवढा आकडा पुरतो. तो कोणासही न सांगणे, सातबारा व पासबुक यांचे कागद नीट ठेवणे, कोरऱ्या कागदावर सही वा अंगठा न देणे, ही आजची आरक्खसंपदा होय. तिला लोभ म्हणू नये. जे कष्टाने मिळविले, त्याविषयी बेपर्वा असणे हे काही वैराग्य नव्हे.

तिसरी गोष्ट 'कल्याणमित्तता', म्हणजे चांगल्यांची संगत. जो श्रद्धेने, शीलाने, दातृत्वाने व प्रज्ञेने वाढला आहे, त्याच्याशी बोलावे, बसावे आणि त्याचा तो तो गुण उचलावा, असे बुद्धाने सांगितले. मग तो वयाने तरुण असो वा वृद्ध असो. चांगल्या मित्राची ओळख साधी आहे. तो उसने देण्यापूर्वी कशासाठी हवे ते विचारतो, आणि नको तेथे नाही म्हणतो. गावोगावच्या महिला बचत गटांचे खरे बळही येथेच आहे. महिन्याची ठेव लहान असते. परंतु दहा बायांच्या समोर हिशेब वाचला जातो, आणि एकीच्या अडचणीस बाकीच्यांची अक्कल उपयोगी पडते.

चौथी गोष्ट 'समजीविता'. तराजू धरणारा ज्याप्रमाणे पारडे किती झुकले व किती उचलले हे जाणतो, त्याप्रमाणे गृहस्थाने आपली आवक व जावक जाणावी. आवक थोडी असून जो थाटाने राहतो, त्यास बुद्धाने उंबराची फळे खाणाऱ्याची उपमा दिली आहे: खावयाची असतात चार, पण सारे झाड हलवून तो फळे जमिनीवर नासतो. उलट ज्याच्यापाशी पुष्कळ असून जो पोटाला चिमटा घेऊन राहतो, तोही चुकलाच. तो दरिद्र्याप्रमाणे मरतो. कंजूषपणास या धर्मात काटकसर समजलेले नाही.

हे तराजूचे पारडे एका घरात ठेवून पाहावे. समजा, तीन एकर धानाचा एक गृहस्थ आहे. कार्तिक-मार्गशीर्षात धान घरी येते, आधारभूत केंद्रावर जाते, आणि काही दिवसांनी पैसा हाती पडतो. त्या महिन्यात तो गावातील मोठा माणूस असतो. वैशाखात घरात लग्न निघते. शेजाऱ्याने मंडप घातला म्हणून याचा त्याहून मोठा, त्याने वाजंत्री आणली म्हणून याचीही. आणि आषाढात रोवणीची मजुरी देण्यास तोच गृहस्थ व्याजाने पैसे काढावयास निघतो. मंडपाखाली जेवून गेलेल्या पाहुण्यांपैकी व्याज भरण्यास कोणी येत नाही. सिगाल नावाच्या तरुणास केलेल्या दुसऱ्या एका उपदेशात बुद्धाने मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगास, दोन धंद्यात, आणि चौथा आपत्काळासाठी. तीन एकरांच्या धन्यास चौथा हिस्सा बाजूस काढणे वर्षानुवर्षे साधेलच असे नाही. परंतु पुढच्या रोवणीचा पैसा लग्नाच्या यादीपूर्वी बाजूस काढणे, एवढे तर क्रम बदलल्याने साधते. रक्कम लहान असली तरी क्रम महत्त्वाचा.

या चार गोष्टींनंतर बुद्धाने तळ्याचा दृष्टान्त दिला. एका मोठ्या तळ्यास पाणी येण्याच्या चार वाटा आहेत आणि जाण्याच्या चार. येणाऱ्या वाटा बुजविल्या, जाणाऱ्या उघडल्या आणि पाऊसही नीट पडला नाही, तर ते तळे आटणारच. संपत्तीच्या जाण्याच्या चार वाटा म्हणजे व्यभिचार, दारू, जुगार आणि वाईट मित्र; यांपासून दूर राहणे व चांगल्याची संगत धरणे, या येण्याच्या वाटा. रोज सायंकाळी शंभर रुपयांची दारू पिणारा वर्षास छत्तीस हजार पाचशे रुपये पितो. एवढ्या रकमेत त्याच तीन एकरांच्या रोवणीचा मोठा भार हलका झाला असता. पूर्वी जुगार खेळावयास झाडाआड बसावे लागे; आता तो मोबाइलमध्ये शिरून अंथरुणापर्यंत आला आहे, आणि हरलेला तरुण घरातल्या कोणास दिसतही नाही. तळ्याची पाळ फुटली तर गाव धावून येते. ही पाळ आतून झिरपते, म्हणून तिची राखण ज्याची त्यानेच करावयाची असते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. गरिबाच्या गरिबीचा सारा दोष त्याच्याच सवयींवर टाकावा काय? दृष्टान्तातच याचे उत्तर आहे. तळे भरावयास पाऊसही लागतो, आणि पाऊस एका माणसाच्या हातचा नाही. भाव, बाजार, शिक्षण, जमिनीची मालकी, यांचा पाऊस सर्वांवर सारखा पडत नाही. आणि कित्येकांस तर पिढ्यानपिढ्या तळ्याच्या काठावरही येऊ दिले गेले नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच अन्याय जगापुढे मांडला. हेच बाबासाहेब १९५४ साली भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले व हरले; आणि पुढे अवघ्या अडीच वर्षांत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात त्यांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या वेळी त्यांनी अनुयायांस ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत समतेच्या प्रतिज्ञा आहेत, आणि चोरी न करण्याची, खोटे न बोलण्याची, दारू न पिण्याचीही आहे. ज्याने तळ्याच्या हक्कासाठी लढा दिला, त्यानेच घरातल्या वाटा बुजविण्याचीही शपथ घातली. अन्यायाविरुद्ध उभे राहणे आणि स्वतःस सुधारणे, या दोहोंत निवड करावयाची नसते. पहिले सोडले तर उपदेश दुबळ्यांस गप्प बसविण्याचे साधन होतो. दुसरे सोडले तर लढून मिळविलेले पाणी घरात टिकत नाही.

मग आरंभ कोठून करावा? बुद्धाने आपला पुत्र राहुल यास एक सोपी रीत सांगितली होती. आरसा ज्याप्रमाणे तोंड पाहण्यासाठी, त्याप्रमाणे कोणतेही कर्म करण्यापूर्वी, करीत असता आणि केल्यानंतर, अशा तीन वेळा पाहून घ्यावे: यामुळे स्वतःचे किंवा दुसऱ्याचे अहित तर होत नाही? यास ना वेगळी जागा लागते, ना खर्च. दुकानदाराने काटा धरताना, शिक्षकाने मुलावर हात उगारण्यापूर्वी, बापाने लग्नाच्या बोलणीस बसताना, तरुणाने मोबाइल हाती घेताना एवढा एक प्रश्न विचारावा. रात्री निजण्यापूर्वी एका वहीच्या पानावर डाव्या बाजूस पैशाची आवक-जावक व उजव्या बाजूस मनाची आवक-जावक लिहावी: कोणाशी वाकडे बोलणे झाले, कोणते काम टाळले गेले, कोणास मदत झाली. महिनाभरानंतर ती वही वाचली, तर कोणती वाट बुजवावयाची, हे दुसऱ्या कोणास विचारावे लागणार नाही.

दीघजाणूस इहलोकीच्या चार गोष्टी सांगून झाल्यावर बुद्धाने आणखी चार सांगितल्या: श्रद्धा, शील, दान आणि प्रज्ञा. तळे भरणे हा शेवट नव्हे. भरलेल्या तळ्याचे पाणी बांधीपर्यंत जावे लागते. अनाथपिंडिक श्रेष्ठीस बुद्धाने गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. धन असणे हे एक सुख, त्याचा न्यायाने उपभोग व दान करता येणे हे दुसरे, कोणाचे देणे नसणे हे तिसरे. आणि काया, वाचा व मन यांनी निर्दोष जगल्याचे समाधान हे चौथे. पहिली तीन सुखे मिळून या चौथ्याच्या सोळाव्या हिश्शाचीही बरोबरी करीत नाहीत, असा त्याने निर्वाळा दिला. यांपैकी धन पुष्कळदा पावसाच्या हाती असते. कर्ज काही अंशी माणसाच्या हाती असते. चौथे सुख मात्र सर्वस्वी त्याच्याच हाती आहे, आणि ते तीन एकरांच्या धन्यासही श्रेष्ठीइतकेच मिळू शकते.