दारिद्र्यरेषा : मोजलेली आणि आखलेली
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



पेपरात ३४ गुण मिळाले, ही वस्तुस्थिती. ३५ला पास करायचं, हे मात्र कुणीतरी ठरवलेलं असतं. अर्थशास्त्रातही काही विधानं ‘काय आहे’ ते सांगतात, काही ‘काय असावं’ ते. पहिली आकड्यांनी तपासता येतात. दुसऱ्यांवर चर्चाच करावी लागते. गोंधळ होतो तो दोन्ही एकाच वाक्यात मिसळली की. ‘देशात इतके टक्के लोक गरीब आहेत’ हे असंच वाक्य.

याचं उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च, ही त्यांनी किमान पातळी धरली. १९६०-६१ साली ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली होते. कोण किती खर्च करतं, ही मोजणी झाली. पण किमान म्हणजे फक्त पोट भरणं, की औषध, शाळा, घरभाडंसुद्धा? ही निवड आहे.

पुढे २०११-१२ साठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २१.९ टक्के लोक गरीब ठरले, रंगराजन समितीच्या पद्धतीने २९.५ टक्के. नऊ कोटींहून अधिक माणसांचा फरक! लोकांच्या ताटात काहीच बदललं नव्हतं. रेषा आणि मोजायची रीत बदलली होती.

आम्ही प्रोग्राम लिहिणारे ‘उत्पन्न अमुकपेक्षा कमी असेल तर’ अशी अट एका ओळीत लिहितो. संगणक ती चोख पाळतो. ती योग्य आहे का, हे तो सांगत नाही. महाराष्ट्रात अन्नसुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबांसाठी शहरात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठरली, म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. पुण्यात चार घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा ती सहज ओलांडू शकते. नियमाने ती अपात्र, हे तथ्य. तिला स्वस्त धान्याची गरज नाही, हे मत. सरकारकडे पैसा कमी असेल तर तेही कारण असू शकतं. पण मग ते तसं सांगावं, आकड्याआड लपवू नये.

म्हणून कुठलाही आकडा समोर आला की दोन प्रश्न विचारूया : मोजलं कसं? आणि रेषा कुणी, कशासाठी आखली? पहिल्याचं उत्तर तज्ज्ञांकडून घ्यावं. दुसऱ्यावर बोलायचा हक्क आपल्या सगळ्यांना आहे, त्या बाईलाही.