बंद रस्ता आणि म्हातारें माणूस

(मुलचेरा येथील सभेंत केलेलें भाषण)



राजकीय अशांतता म्हटली कीं डोळ्यांपुढें बंदुका येतात, जळालेल्या मोटारी येतात, आणि वर्तमानपत्रांत मेलेल्यांचा आंकडा येतो. त्या आंकड्यांत म्हातारें माणूस क्वचितच सांपडतें. म्हणून त्याचें कांहीं बिघडलें नाहीं असें आपण समजून चालतों. ही समजूत खोटी आहे.

प्रथम औषधाची गोष्ट घ्या. ‘सर्च’ संस्थेनें आपल्याच जिल्ह्यांतील ८६ गांवांत २०११ ते २०१३ ह्या दोन वर्षांतील १५९९ मृत्यूंची चौकशी केली. त्यांत सर्वांत अधिक, म्हणजे २२९ माणसें, मेंदूच्या झटक्यानें, ज्याला आपण लकवा म्हणतों त्यानें, गेलेलीं आढळलीं. लकव्याचें मोठें मूळ रक्तदाब, आणि त्यावरची गोळी रोज घ्यावी लागते. आतां नक्षलवाद्यांचा सप्ताह आठवा. २८ जुलैस सुरू होई, ३ ऑगस्टला संपे. डिसेंबरांत २ तारखेपासून दुसरा. रस्त्यावर झाडें आडवीं पडत, आंतल्या गांवांची एस. टी. बंद राही, बाजार भरत नसे. तरणा माणूस पायवाटेनें जाऊन येई. सत्तरीच्या बाईनें भर पावसांत नाला कसा ओलांडावा? गोळी संपे. पण रक्तदाब कांहीं पोटशुळासारखी बोंब मारीत नाहीं, म्हणून घरचेही म्हणत, पुढच्या बाजारीं पाहूं. तीच बाई दोन महिन्यांनीं अंगणांत कोसळली, तर तो मृत्यु बंदच्या खातीं कोण मांडतो?

दुसरी गोष्ट जिभेची. १९८० नंतर ह्या रानांत रात्रीं एक जण भात मागे आणि सकाळीं दुसरा विचारी कीं भात कोणीं खाल्ला. विचारावयाचें कोणाला? गांवच्या जाणत्याला, गायत्याला, पाटलाला. खबऱ्या ठरवून मारलेल्यांत पोलीस पाटीलही होते, हें आपणांस ठाऊक आहे. तेव्हां जाणत्यांनीं बोलणेंच सोडलें. म्हातारपणीं नांगर सुटतो, कुऱ्हाड सुटते. तंटा मिटविणें, सोयरीक सांगणें, जुनी हद्द दाखविणें एवढेंच हातीं राहतें. तेंही गेलें म्हणजे माणूस जेवतो, झोंपतो, पण घरांत पाहुण्यासारखा राहतो. ह्याला गोळी नाहीं.

आणि आपले बंगाली शेजारी! १९६४ सालीं पूर्व पाकिस्तानांत दंगे झाले. त्या सालीं दहा वर्षांचा असलेला पोरगा आज सत्तरी ओलांडून बसला आहे. ह्यांतील पुष्कळ जण नमःशूद्र. १९४६ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बंगालमधून घटना समितीवर निवडून देण्यांत ज्यांनीं पुढाकार घेतला, ते जोगेंद्रनाथ मंडल ह्यांच्यांतलेच. ते पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले, आणि १९५० सालीं राजीनामा देऊन त्यांनाही भारतांत यावें लागलें. मंत्र्याची ही गत, तर कोळ्या-कुणब्याची काय! ऑगस्ट २०२४ मध्यें बांगलादेशांत सत्ता उलथली, तेव्हां इकडे मुलचेऱ्यांत कोणाच्या केंसालाही धक्का लागला नाहीं. पण दूरदर्शन पाहून म्हाताऱ्या रात्रभर बसून राहिल्या. २०१९ सालीं नागरिकत्वाच्या कायद्याची चर्चा निघाली, तेव्हां पत्र्याच्या पेटींतले पिंवळे कागद घेऊन म्हातारे आमच्याकडे आले. “मास्तर, एवढें पुरेल ना?” साठ वर्षें ज्या मातींत घाम गाळला तेथें हा प्रश्न विचारावा लागणें हाही रोगच आहे. तरुण नातू हंसतात. त्यांनीं हंसूं नये.

ऑक्टोबर २०२५ मध्यें भूपति सुमारें साठ साथीदारांसह गडचिरोलींत शरण आला. रस्ता मोकळा होत आहे. पण भीति रस्त्याबरोबर उठून जात नाहीं. तिला घरांतून हांकलावें लागतें. तेव्हां तरुणांनों, पावसाळ्यापूर्वीं आईबापांच्या दोन महिन्यांच्या गोळ्या घरांत आणून ठेवा. पासष्टीपुढील निराधाराला श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये आहेत. ते काढावयास म्हाताऱ्याला एकटें धाडूं नका. आणि संध्याकाळीं जवळ बसून जुनी हद्द विचारा, जुनें नातें विचारा. उत्तर उशिरां येईल, तरी थांबा.

येत्या बाजाराच्या दिवशीं शाळा सुटल्यावर आम्ही ओसरीवर बसणार आहों. ज्यांना कागद वाचून घ्यावयाचे असतील त्यांनीं पेटीसकट यावें.