चरून वाढलेलं मटण



घरात हळद असो, गावची जत्रा असो की आषाढाची अखेर, आपल्याकडे मटणाचं पातेलं चुलीवर चढतंच. पण त्या पातेल्यातलं जनावर कुठे वाढलं, काय खाऊन वाढलं आणि कोणी वाढवलं, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आज माझा विषय एवढाच आहे: चरून वाढलेल्या, जवळच्या माणसाने पोसलेल्या जनावराचं मटण का घ्यावं आणि ते कसं रांधावं.

जगात ‘गवतावर वाढलेलं मांस’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी गोमांसाची चर्चा होते. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला कायद्याने बंदी आहे. म्हणून आपल्यासाठी हा प्रश्न शेळी-मेंढीचा आहे, आणि तो आपल्या मातीशी फार जवळून जोडलेला आहे.

मुंबई आणि आसपासच्या शहरांना मटण पुरवणारा देवनारचा कत्तलखाना १९७१ साली सुरू झाला. तिथे राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून ट्रक भरून बकरे येतात. शेकडो किलोमीटरच्या प्रवासात जनावर तहानेलं राहतं, चेंगरतं, वजनाने घटतं. घाबरलेल्या, दमलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपून जाते. मग कापल्यावर मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही. असं मांस काळपट दिसतं, चिकट लागतं आणि लवकर खराब होतं. तुमच्या गावापासून तासाभराच्या वाटेवरून आलेल्या बोकडाच्या बाबतीत हा धोका खूपच कमी असतो. जवळचं मटण घ्यायचं हे माझ्या मते सर्वांत सरळ कारण.

आता चरण्याकडे येऊ. शेळी गवतापेक्षा पाला जास्त खाते. बोरी, बाभळी, करवंदीच्या जाळ्या, ऐनाची कोवळी पालवी, जे समोर येईल ते खुडत ती पुढे जाते. कडवट, तुरट पाल्यातल्या टॅनिनमुळे पोटातल्या जंतांनाही काही प्रमाणात आळा बसतो. मेंढी मात्र खाली मान घालून गवत आणि धसकटं चरते. भात कापून झाल्यावर कोकणातली एकपिकी शेतं नोव्हेंबरपासून पावसापर्यंत मोकळी पडतात. दिवाळीनंतर फलटण आणि साताऱ्याकडचे धनगर घोड्यांवर संसार लादून घाट उतरतात आणि रायगड, ठाण्याच्या शेतांत वाडा टाकतात. शेतकरी त्यांच्याकडून रात्री शेतात मेंढ्या बसवून घेतात आणि मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतात. रात्रभरात लेंड्या आणि मूत शेतात पडतं, पावसाळ्यात ते भाताच्या मुळाशी जातं. माणसाच्या ताटातला दाणा न खाता जनावर वाढतं आणि शेताला खतही मिळतं. अशा रचनेतून आलेलं मटण हे शेतीचंच एक पीक आहे, असं मी मानतो.

जातींचंही थोडं बोललं पाहिजे. मराठवाड्यातली काळी उस्मानाबादी शेळी जुळ्या करडांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्या कोकणाची स्वतःची जात म्हणजे सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ. तिच्यावर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने काम केलं आहे, आणि इथला मुसळधार पाऊस ती सोसते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीत सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा जुळी देणारा जनुक आणला आणि ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. एका मेंढीला एकाऐवजी दोन कोकरं झाली, तर मेंढपाळाच्या हातात जास्त पैसा पडतो. चराई टिकवायची तर असं शास्त्र लागणारच.

आरोग्याबद्दल मी तोलून बोलणार आहे, कारण या विषयात अतिशयोक्ती फार होते. हिरव्या चाऱ्यावर वाढलेल्या जनावराच्या मांसात खुराकावर पोसलेल्यापेक्षा ओमेगा-३ स्निग्धाम्लांचं प्रमाण जास्त असतं, पण मासळीच्या मानाने ते थोडंच. आपल्या उरणात करंजा आणि मोऱ्याची मासळी दारात येते, तिथे ओमेगासाठी बोकड कापायची गरज नाही. मटणाचं खरं मोल लोहात, जस्तात आणि बी-१२ जीवनसत्त्वात आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. मांसातलं लोह शरीर पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज शोषून घेतं, आणि कलेजीत ते भरपूर असतं. तरीही आपल्या घरांत कलेजी आणि नळी आधी पुरुषांच्या ताटात जाते. ही पद्धत बदलली पाहिजे, हे मी या व्यासपीठावरून आवर्जून सांगतो. गरोदर बाईने मात्र कलेजी बेताने खावी, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

आता रांधण्याकडे. चरलेलं जनावर चालतं, डोंगर चढतं, आणि वर्ष-सव्वा वर्ष वाढवून मग विकलं जातं. त्याचे स्नायू घट्ट असतात, चरबी कमी असते. हे मटण मोठ्या आचेवर घाईने शिजवलं तर चिवट होतं आणि लोक म्हणतात, ‘बोकड जून निघाला’. दोष बहुतेक वेळा आचेचा असतो. स्नायूंना बांधून ठेवणारं तंतुमय द्रव्य मंद आचेवर, दीड-दोन तासांत हळूहळू विरघळतं आणि रश्श्याला तो दाटपणा येतो, ज्यासाठी आपण भाकरी मोडतो. कापल्यानंतर काही तासांनी मांस ताठरतं. म्हणून एक तर लगेच चुलीवर घ्या, नाही तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी रांधा. मधल्या वेळेत शिजवलेलं हमखास कडक लागतं. मीठ, हळद, आलं-लसूण आधी चोळून ठेवा. पाणी घालायचं तर उकळतं घाला. कुकर असेल तर पहिल्या शिटीनंतर गॅस अगदी बारीक करा. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं आणि कांद्याचं वाटण मांस निम्मं शिजल्यावर पडू द्या, म्हणजे ते तळाला लागत नाही. मांडी सुक्याला, सीना आणि मान रश्श्याला, पाय सुपाला, वजडी वेगळी. आगरी घरांतल्या बायकांना हे सगळं ठाऊक आहे. सुनांना ते शिकायला मिळावं म्हणून मी ते इथे मोठ्याने सांगतो आहे, आणि मुलग्यांनीही शिकायला हरकत नाही.

पण चरायला जागा उरली तरच हे सगळं. आपल्या उरण तालुक्यात २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. गोळीबारात आठ जण हुतात्मा झाले, त्यांत नाग्या कातकरी होता. रानातल्या लाकडावर आणि चाऱ्यावर गावाचा हक्क आहे, हे सांगायला शेतकरी आणि आदिवासी एकत्र आले होते. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली, शेतजमिनी गेल्या, आणि १९८४ च्या जानेवारीत शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले. १९८९ मध्ये इथलं बंदर सुरू झालं. आज माळांवर कंटेनर यार्ड उभे आहेत आणि जी शेळी उरली आहे ती कित्येकदा रस्त्याकडेच्या कचऱ्यात तोंड घालते. प्लास्टिक खाऊन वाढलेल्या त्या जनावराला ‘चरलेलं’ म्हणता येणार नाही. घेण्याआधी स्वतः जाऊन कळप बघा. रानसईच्या वाड्यांवर, पुनाडे आणि चिरनेरच्या डोंगरउतारांवर अजून रान आहे. ग्रामसभेत गुरचरणाचा विषय निघाला की आपण गप्प बसतो. ती जमीन एकदा गेली की तिच्यावरचं मटणही गेलं. काही जण म्हणतील, शेळी रोपं खाते, जंगल संपवते. मोकाट सोडली तर खातेच. राखोळी ठेवून, नवी रोपवाटिका कुंपणात घेऊन, पाळीपाळीने रान फिरवलं तर दोन्ही टिकतात.

खरेदीची रीत आपल्याकडे आधीपासून आहे: वाटे घालणं. चार-आठ घरांनी मिळून एक बोकड घ्यायचा आणि सर्वांच्या वाट्याला मांडीही यावी, हाडही यावं, कलेजीचा तुकडाही यावा असे ढीग लावायचे. यात जनावराचा कुठलाही भाग वाया जात नाही आणि पाळणाऱ्याला एकरकमी पैसा मिळतो. मला यात एकच सुधारणा सुचवायची आहे. व्यापारी वाडीवर जाऊन नजरेने अंदाज बांधतो आणि पाळणाऱ्या बाईला दोन-तीन किलोंचा फटका बसतो. आपण काटा घेऊन जावं, उभ्या वजनावर भाव ठरवावा. वीस किलोच्या बोकडातून साधारण नऊ-दहा किलो मटण उतरतं, त्यामुळे हिशोब दोघांनाही आधीच कळतो. बाजारापेक्षा थोडा जास्त भाव द्यावा लागला तर द्यावा. त्या बाईने वर्षभर ऊनपावसात कळप राखला आहे, लसी टोचून घेतल्या आहेत, पावसाआधी आणि नंतर जंताचं औषध पाजलं आहे.

आणि वेळ सांभाळा. आषाढ अमावास्येच्या आठवड्यात सगळेच बोकड मागतात, मग श्रावण लागला की महिनाभर पाळणाऱ्या बाईकडे कोणी फिरकत नाही. आता चैत्र-वैशाखातच जाऊन बोकड ठरवावा, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी आणि पावसाळ्यापर्यंत तो तिच्याकडेच वाढू द्यावा. त्या पैशात तिचा पावसाळ्याचा चारा आणि गोठ्यावरच्या ताडपत्रीचा खर्च भागतो.