काळी यादी कोणाची?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या भाषेत 'काळी' हा मानाचा शब्द. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गाव. काळीत राबायचे आणि पांढरीत राहायचे. कृषी महाविद्यालयात आम्हाला या काळ्या जमिनीचे गुण शिकवले. ती ओल धरून ठेवते, म्हणून पावसाने ताण दिला तरी कपाशी तग धरते आणि रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर येते. चळवळीत आलो तेव्हा त्याच काळीत राबणाऱ्यांच्या तोंडून हा शब्द वेगळ्या अर्थाने ऐकला. "साहेब, आपलं नाव काळ्या यादीत गेलं." सांगणारा मान खाली घालून सांगतो, जणू चोरी करताना सापडला आहे.

आज या शब्दाचा हिशेब मांडायचा आहे.

'काळी यादी' हे इंग्रजीतल्या 'ब्लॅकलिस्ट'चे भाषांतर. युरोप-अमेरिकेतले कारखानदार संप करणाऱ्या मजुरांची नावे एकमेकांना कळवीत. यादीत नाव आले की कोणत्याच कारखान्यात काम मिळत नसे. ही फार जुनी गोष्ट आहे असे समजू नका. २००९ साली इंग्लंडमध्ये माहिती आयुक्तांच्या अधिकाऱ्यांनी एका लहानशा कार्यालयावर छापा घातला. तेथे तीन हजारांहून अधिक बांधकाम कामगारांची नावे सापडली. बड्या बांधकाम कंपन्या पैसे मोजून ही माहिती घेत होत्या. अनेकांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी कामावरच्या धोक्याबद्दल तक्रार केली होती. आपल्याला काम का मिळत नाही, हे त्यांना वर्षानुवर्षे कळले नाही.

यावरून काळ्या यादीची खूण ओळखा. यादी बलवान करतो. ज्याचे नाव घालायचे त्याला विचारत नाही. आणि एका दारी नाव लागले की सगळी दारे बंद होतात.

आता आपल्या देशाचा कायदा पाहा. सरकारी ठेकेदाराला काळ्या यादीत टाकायचे असेल तर आधी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने इरुसियन इक्विपमेंट विरुद्ध पश्चिम बंगाल सरकार या खटल्यात १९७४ साली सांगितले. २०१४ साली गोरखा सिक्युरिटी खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी बजावले, की काळ्या यादीत टाकण्याचा विचार आहे हे नोटिशीतूनच स्पष्ट झाले पाहिजे. २०२३ साली तर बँकेने कर्जदाराचे खाते 'फसवणूक' म्हणून जाहीर करण्यापूर्वी त्याला बाजू मांडू द्यावी, असाही निकाल झाला.

म्हणजे रस्ता खचला, पूल वाहून गेला, तरी ठेकेदाराला आधी नोटीस. शेतकऱ्याला मात्र बँकेच्या खिडकीवर तोंडी निरोप, "तुमचं होत नाही, पुढच्या सोमवारी या." तो सोमवार कधी उजाडत नाही. पेरणी निघून जाते आणि माणूस सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो.

येथे एक फरक नीट समजून घ्या. सोसायटीच्या दप्तरात थकबाकीदार असणे आणि काळ्या यादीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळी यादी ही शिक्षा आहे. थकबाकी ही खात्याची अवस्था आहे. पैसे भरले की ती संपते, संपलीच पाहिजे. सोसायटीचा थकबाकीदार संचालक मंडळावर बसू शकत नाही, हे खरे. पण म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही. गावात हे दोन शब्द एक झाले आणि त्याचा फायदा वसुलीवाल्यांनी घेतला. लाज हे वसुलीचे सर्वांत स्वस्त हत्यार आहे.

रिझर्व्ह बँकेलाही शेती आणि दुकान यांतला फरक कळतो. इतर कर्ज नव्वद दिवसांहून जास्त थकले की अनुत्पादक ठरते. कपाशी, ज्वारीसारख्या वर्षाच्या आत निघणाऱ्या पिकांचे कर्ज मात्र दोन हंगाम थकल्यावर अनुत्पादक धरतात. कारण एक हंगाम बुडू शकतो, हे नियम करणाऱ्यालाही ठाऊक आहे. पण थकबाकीदारांच्या यादीत पावसाचा रकाना नसतो, भावाचाही नसतो. कापूस कोणत्या भावाने विकावा लागला, हे तेथे कोणी लिहीत नाही.

आज मोठी यादी सोसायटीच्या कपाटात नाही, संगणकात आहे. तिला लोक सिबिल म्हणतात. ही कंपनी २००० साली निघाली. अशा कंपन्यांसाठी २००५ साली कायदा झाला. आज देशात त्या चार आहेत. सिबिलवर माणसाची पत ३०० ते ९०० या आकड्यांत मोजतात. पीककर्जाला सिबिल मागू नका, असे राज्य सरकारने बँकांना अनेकदा बजावले. तरी खिडकीवर ते विचारले जाते.

आमच्या बैठकांत एक गोष्ट वारंवार ऐकू येते. कर्जमाफी झाली, पेपरात नाव आले, पण दाखला हाती पडला नाही. खाते जुनेच दिसते आणि नवे कर्ज अडते. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत अनेकांना माफीचे दाखलेच दिले गेले नाहीत, हे महालेखापरीक्षकांच्या २०१३ साली संसदेत मांडलेल्या अहवालात नोंदलेले आहे. चूक कार्यालयाची आणि डाग शेतकऱ्याला, असा हा न्याय आहे.

तेव्हा घरी गेल्यावर तीन कामे करा.

एक, कर्ज नाकारले तर लेखी कारण मागा. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी नकाराला जाब विचारता येत नाही.

दोन, वर्षातून एकदा आपला पतअहवाल या प्रत्येक कंपनीकडून फुकट मिळतो. गावातल्या शिकलेल्या पोराला बसवून तो काढा. चूक दिसली तर तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे.

तीन, कर्ज फिटले किंवा माफ झाले की बेबाकी दाखला घेतल्याशिवाय उठू नका. सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा कमी झाला का, हेही पाहा. तो कागद लग्नपत्रिकेसारखा जपून ठेवा.

आणि एक काम सगळ्यांनी मिळून करायचे. जो एकटा खिडकीवर जातो त्याला परत पाठवतात. वीस जण वीस अर्ज घेऊन गेले की साहेब खुर्चीवरून उठून बाहेर येतो. पुढच्या बैठकीला येताना ज्यांचे कर्ज अडले आहे त्यांनी आपापले कागद घेऊन यावे. आपण गावनिहाय यादी करू. त्या यादीत नाव घालताना मात्र कोणी मान खाली घालायची नाही.