रात्रीच्या मुक्कामाचा हिशेब



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी वडीलधाऱ्यांनी चार उपदेशपर शब्द बोलावेत, ही आपल्या मंडळाची प्रथा. आम्ही मात्र आज एका रुक्ष विषयास हात घालीत आहोत. आपल्या ज्ञातीतील मुलेमुली आता परिचारिका, निवासी डॉक्टर अशा नोकऱ्यांत शिरली आहेत. तेथे दिवस मोजला जातो. रात्र पुष्कळदा बिनहिशेबी राहते.

आम्ही स्वतः सात वर्षे एका वसतिगृहाचे अधीक्षक होतो. दिवसा शाळा, रात्री वसतिगृहात मुक्काम. एखाद्या मुलास ताप भरला, की मध्यरात्री डॉक्टरांचे दार ठोठवावयाचे, आणि सकाळी पहिल्या तासाला पुन्हा फळ्यापुढे उभे राहावयाचे. या रात्रींचा मोबदला मागितला, तेव्हा चालक म्हणाले, “गुरुजी, झोपण्याचेही पैसे द्यावयाचे काय?” आम्ही निरुत्तर झालो. मॅट्रिक झालेल्या मास्तराजवळ कायद्याची पुस्तके कोठून असणार!

त्या प्रश्नाचे उत्तर पुढे आम्हांस युरोपात सापडले. जर्मनीतील कील शहरी एका डॉक्टरांना रात्री रुग्णालयातच राहावे लागे. निजावयास खोली होती. बोलावणे नसेल तेवढा वेळ तेथील कायदा विश्रांतीत धरी. 9 सप्टेंबर 2003 रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला, की ज्या अर्थी मालकाने नेमलेल्या जागीच हजर राहावे लागते, त्या अर्थी तेथे निजलेला वेळही कामाचाच होय. तो आठवड्याच्या सरासरी 48 तासांच्या मर्यादेत मोजावयाचा, आणि चोवीस तासांत सलग 11 तासांची विश्रांती निराळी द्यावयाची. 2018 साली बेल्जममधील एका अग्निशामकाच्या प्रकरणाचा निकाल त्याच न्यायालयाने दिला. तो घरीच असे. परंतु बोलावल्यापासून आठ मिनिटांत ठाण्यावर पोहोचणे त्यास बंधनकारक होते. तो वेळही कामाचाच ठरला.

मात्र तास मोजले म्हणजे पैसे मिळालेच, असे समजू नये. आमची पुतणी इंग्लंडमध्ये अपंगांच्या निवासगृहात रात्री मुक्कामास असते. त्या रात्रीबद्दल तिला ठरीव रक्कम मिळते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 19 मार्च 2021 रोजी ठरविले, की अशा मुक्कामात कामासाठी जागे राहावे लागले तेवढ्याच वेळास किमान वेतनाचा हिशेब लागू. आम्हांस हे पटत नाही. डोळे मिटले म्हणून कान मिटतात काय?

आपल्याकडे केंद्र सरकारच्या 1992 च्या योजनेत निवासी डॉक्टरांचे सलग काम सामान्यतः 12 तासांहून अधिक नसावे, असे म्हटले आहे. ते ‘सामान्यतः’ फार सैल निघाले. छत्तीस तासांनी घरी परतलेला मुलगा ताटावरच पेंगतो, हे येथे बसलेल्या काही मातापित्यांस आम्ही सांगावयास नको.

तेव्हा नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी मुलांनी एवढे विचारून घ्यावे: रात्री कोठे राहावयाचे, बोलावल्यावर किती मिनिटांत हजर व्हावयाचे, उठावे लागल्यास तो वेळ कोण लिहून ठेवणार, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी किती तासांची. ही उत्तरे तोंडी नकोत, लेखी हवीत. कोणास संकोच वाटल्यास पत्र घेऊन मंडळाच्या कचेरीत यावे. रविवारी सकाळी आम्ही तेथे असतो. आपण मिळून ते वाचू.